घाटघरची गाडी

स्मरणिका समितीनं लेख मागितला तेव्हा 'शाळेतली एखादी गमतीदार आठवण चालेल' असं सांगितलं होतं. गमतीदार आठवणी पुष्कळ आहेत, आणि त्या लिहिणारेही वर्गात माझ्यापेक्षा चांगले आहेत. मी थोडा इतिहास लिहिते. एका रस्त्याचा, त्या रस्त्यावर धावणाऱ्या एसटीचा आणि एसटीतून उतरून पुढे पायी जायच्या वाटेचा. त्याला कारण आहे. या विषयावर मी शाळेत असताना एक निबंध लिहिला होता, आणि त्या निबंधाचा हिशोब चुकता करायचा राहून गेला आहे. त्या निबंधाला टाळ्या वाजवणारे तुम्हीच होतात, म्हणून दुरुस्तीही तुमच्यासमोरच व्हायला हवी.

१९९६चा जानेवारी आठवा. आपण नववीत. इतिहासाच्या सरांनी सहल जाहीर केली आणि वर्गाचं तोंड पडलं, कारण सहल महाबळेश्वरला नव्हती, नाणेघाटाला होती. तीही स्वतंत्र गाडी करून नाही. जुन्नर स्टँडवरून सकाळची घाटघरची गाडी धरायची, शेवटी उतरायचं, चालायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. "जिथं एसटी थांबते तिथून इतिहास सुरू होतो," असं सर म्हणायचे. तेव्हा आपल्याला वाटायचं की सरांना पैसे वाचवायचे आहेत. तेही खरं असेल. पण आपल्या तालुक्यापुरतं ते वाक्य अक्षरशः खरं आहे, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

ती गाडी जुन्नर सोडून माणिकडोहाचं पाणी उजवी-डावीकडे दाखवत आपटाळ्याकडे जाते. पुढे चावंड किल्ल्याचा कातळ दिसतो. पुरापाशी कुकडेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आहे, कुकडी नदीचा उगम तिथलाच. मग भातखाचरं सुरू होतात, वस्ती विरळ होते, जीवधनाचा कडा जवळ येतो आणि घाटघर. शेजारीच वानरलिंगीचा सुळका उभा. तिथून पायी निघालं की तासाभरात जमीन एकदम संपते आणि समोर खाली कोकण पसरतं. त्या काठावर नानाचा अंगठा म्हणतात तो उंचवटा, आणि त्याच्या कुशीत कातळातली अरुंद नळी. ही नळी म्हणजेच नाणेघाट.

आज तिथे पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. वाऱ्यानं वर उडणारं पाणी सुंदरच दिसतं. पण ज्या कारणासाठी ही वाट झाली ते कारण पाण्याचं नाही, मालाचं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण ही पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं, तर घाटावर पैठण आणि तेर ही मोठी व्यापारी गावं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात या चारही ठिकाणांचा उल्लेख येतो. बंदर आणि पैठण यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीला जी दारं होती त्यांतलं एक महत्त्वाचं दार आपल्या तालुक्यात. दार ओलांडून आलेल्या मालाचा पहिला मोठा मुक्काम जुन्नर.

म्हणून तर आपल्याभोवती एवढी लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या पोटातली लेणी, असं सगळं धरलं तर कातळात खोदलेल्या जागांची संख्या दोनशेच्या घरात जाते. एवढी लेणी खोदायला पैसा लागतो, आणि तो कुणी दिला ते तिथल्या शिलालेखांत लिहिलेलं आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान केली. बांबूचं काम करणारे, काशाची भांडी करणारे यांच्याही श्रेणी लेखांत येतात. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परक्यांनीही दानं दिली. शाळेत असताना आपण लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला जायचो, पायऱ्या मोजायचो आणि माकडांपासून डबे वाचवायचो. गणपतीचं देऊळ ज्या लेण्यात आहे ते आणि आजूबाजूची लेणी घाटातून आलेल्या पैशावर उभी राहिली, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. किल्ल्यांचंही तेच. जीवधन, हडसर, चावंड आणि शिवनेरी हे चार किल्ले नकाशावर बघा. घाटाच्या तोंडापासून जुन्नरपर्यंतची वाट त्यांच्या नजरेखालून जाते.

नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत, असं आपण सगळे ऐकत आलो. रांजणाजवळून नळीत उतरलं की थोडं खाली लेणं लागतं. हे लेणं देवाचंही नाही आणि भिक्खूंचंही नाही. आत तिन्ही बाजूंना बसायचे कट्टे, समोर उघडं कोकण. मागच्या भिंतीवर कधीकाळी आठ मूर्ती होत्या. आता त्यांच्या पायांच्या खुणा काय त्या उरल्यात, पण वर कोरलेल्या नावांवरून त्या कुणाच्या होत्या ते समजतं. सातवाहन घराण्याचा मूळपुरुष सिमुक, राजा सातकर्णी, त्याची राणी नागनिका, राजकुमार आणि एक महारठी. राजघराण्यानं आपला समूह घाटाच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला दिसेल असा उभा केला होता.

बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. तो नागनिका राणीचा मानतात. काळ इसवी सनापूर्वी पहिलं शतक, काही अभ्यासक दुसरं म्हणतात. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन आहे. पुढे राजानं आणि राणीनं केलेले यज्ञ आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा. गाई, घोडे, हत्ती, रथ, चांदीची भांडी आणि कार्षापण नावाची नाणी, सगळं आकड्यांसकट. १,००१ गाई. २४,४०० कार्षापण. प्रेक्षक आणि चाकर यांना ६,००१.

हा लेख बाहेरच्या जगाला कळला तो १८२८ साली, विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. पण त्यातल्या आकड्यांचं महत्त्व नीट उलगडून दाखवलं जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींनी, १८७६च्या सुमारास. कुठल्याही विद्यापीठात न शिकलेला हा माणूस गुहांमधून हिंडून ठसे घेत असे. भारतातले जे सर्वांत जुने कोरलेले अंक आपल्याला माहीत आहेत, त्यांत नाणेघाटाचे अंक येतात.

इथे मला माझ्या धंद्यातलं थोडं सांगू द्या. गेली वीस वर्षं मी मालवाहतुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकप्रणालीवर काम करते. कुठला माल, कुठल्या नाक्यावरून, किती वाजता गेला, त्याचं किती शुल्क झालं, एवढंच तिचं काम. नाणेघाटातले अंक मी पुन्हा बघितले ते या नजरेनं. त्या पद्धतीत शून्य नाही. आकड्याची जागा बदलली की किंमत बदलते, ही सोय नाही. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी. शंभराच्या खुणेला चाराची खूण जोडली की चारशे, हजाराच्या खुणेला जोडली की चार हजार. म्हणजे २४,४०० लिहायचे तर वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन खुणा एकापुढे एक. जिथे काही नाही तिथे काहीच लिहायचं नाही. आपल्याला गणिताच्या बाईंनी शून्य विसरल्याबद्दल जेवढ्या छड्या मारल्या, तेवढ्या त्या कारकुनाला कुणी मारल्या नसत्या. आणि तरीही मोठमोठ्या रकमांचा हिशोब दगडावर चुकत नव्हता.

पण एक गोष्ट मला आता जास्त जाणवते. त्या भिंतीवर राजाराणीनं दिलेल्या प्रत्येक गाईची नोंद आहे. ज्यांच्या खांद्यांवरून आणि बैलांच्या पाठीवरून हा पैसा घाट चढून आला, त्यांची एका शब्दाचीही नोंद नाही. नोंदीत कोण येतं आणि कोण गळतं, हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. माझ्या निबंधाचा प्रश्नही तोच आहे.

सातवाहन गेले, पुढे किती राजवटी आल्या-गेल्या, घाट चालूच राहिला. तो बैलगाडीचा कधीच नव्हता. ओझ्याची जनावरं आणि ओझी वाहणारी माणसं यांचा होता. इंग्रजांनी १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली. मुंबईचा माल तिकडे वळला. नंतर माळशेज घाटातून मोटारीचा रस्ता झाला. व्यापाऱ्यांना नाणेघाटाची गरज उरली नाही. पुस्तकांत नाणेघाटाचा इतिहास साधारण इथे संपतो.

आपल्या सहलीत मात्र तो इथे सुरू झाला. आठवतंय का, माथ्यावर पोचल्यावर लेण्याची नळी सापडेना? सर नकाशा उलटासुलटा करत होते. तेव्हा आपल्या वर्गातली एक मुलगी कुणाला काही न बोलता पुढे झाली आणि झपाझप उतरून खालून हाक मारली. ती त्याच भागातल्या एका वाडीची. रोज एसटीनं शाळेत यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि चारच्या ठोक्याला दप्तर आवरायला लागायची, कारण संध्याकाळची गाडी चुकली तर दुसरी नव्हती. तिचं नाव इथे छापू नकोस, असं तिनंच मला बजावलंय. तुम्हाला ते कळेलच.

परतीची गाडी उशिरा येणार होती. ती आम्हा पाचसहा मुलींना आपल्या घरी घेऊन गेली. ओसरीवर तिची आजी हिरडा निवडत बसली होती. आम्हाला नाचणीची भाकरी आणि ताक मिळालं. मी वही काढली, कारण सरांनी 'सहलीचा वृत्तान्त' लिहायला सांगितला होता. आजी बोलत गेली आणि मी लिहीत गेले.

आजी लहानपणापासून नाणेघाट उतरत-चढत आलेली. वरून हिरडा, तूप, मध खाली न्यायचा, खालून मीठ आणि सुकी मासळी वर आणायची. पहाटे चांदण्यात निघायचं, ऊन चढायच्या आत नळी उतरायची. लेण्याला ती लेणं म्हणत नव्हती, 'इसाव्याची जागा' म्हणायची. पावसात अडकलं तर तिथल्याच कट्ट्यांवर रात्र काढायची. पौषात मुरबाडजवळ म्हसेची यात्रा भरते, गुरांचा आणि घोंगड्यांचा मोठा बाजार. तिकडेही याच वाटेनं जायचं. भिंतीवरची अक्षरं काय सांगतात, असं मी विचारलं. आजी म्हणाली, "आमाला काय ठावं बाय? आमच्या पाठीवर वझं. वर कोन बघतं?"

मग गाडी आली तेव्हा काय झालं, हेही तिनं सांगितलं. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला एसटीची पहिली बस धावली, लाकडी बांधणीची बेडफर्ड. त्याआधी रस्त्यावरच्या मोटारी खासगी मालकांच्या होत्या, चार पैसे सुटतील त्या मार्गावर चालायच्या. मुंबई सरकारनं प्रवासी वाहतूक हातात घेतली, १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर महामंडळाला आजचं रूप आलं, आणि पुढे 'गाव तेथे एसटी' हे ब्रीद झालं. आपल्या डोंगराकडच्या वाड्यांपर्यंत गाडी पोचायला वेळ लागला, पण ती पोचली. तेव्हापासून आजीच्या घराचं तोंड फिरलं. आधी मीठ कोकणातून यायचं, म्हणजे पश्चिमेकडून. आता ते जुन्नरच्या बाजारातून, म्हणजे पूर्वेकडून यायला लागलं. शतकानुशतकांची वाट एका लाल गाडीनं फिरवली. आजी म्हणाली, "गाडी आली आन् पाय सुटले."

हे वाक्य मी निबंधाच्या शेवटी घातलं. आता खरं सांगते.

त्या वर्षी पावसाळ्यात तिकडच्या रस्त्यावरची मोरी वाहून गेली. गाडी अलीकडच्या गावापर्यंतच यायला लागली. तिथून तिच्या वाडीपर्यंत चिखलातून दीड-दोन तास. दहावीचं वर्ष, शाळा पाच वाजता सुटणार, घरी पोचायला काळोख. काही दिवस ती आली, मग आठवड्यातून दोनदा, मग नाही. रस्ता दुरुस्त होईस्तोवर अभ्यास बराच मागे पडला होता आणि घरचा धीर सुटला होता. शेवटचा बाक रिकामा राहिला, आणि पंधरा दिवसांनी तिथे दुसरं कुणीतरी बसलं. आपल्यापैकी कुणी चौकशीला गेलं नाही. मीही गेले नाही. मी गावातली होते, शाळा घरापासून पाच मिनिटांवर. गाडी बंद झाली की शाळा बंद होते, हे मला समजण्याचं कारणच नव्हतं.

दिवाळीनंतर मी तोच वृत्तान्त वाढवून 'नाणेघाट : काल आणि आज' असा निबंध केला. शाळेच्या हस्तलिखितात तो पहिल्या पानावर आला, तालुक्याच्या स्पर्धेत पहिला आला, सरांनी प्रार्थनेनंतर मोठ्यानं वाचून दाखवला. त्यातला सातवाहनांचा भाग ग्रंथालयातल्या पुस्तकांतून घेतलेला होता. परीक्षकांना आवडलेली तीन पानं आजीची होती. त्यात आजीचा उल्लेख 'एक वृद्धा' असा होता आणि मैत्रिणीचा उल्लेखच नव्हता. लेणं 'आम्ही शोधून काढले' असं मी लिहिलं होतं.

बक्षीस म्हणून मिळालेला शब्दकोश अजून माझ्याकडे आहे. पुढे अभियांत्रिकी, नोकरी, पुणे. कुठल्याही मुलाखतीत 'लेखनाची आवड' सांगताना मी त्या निबंधाचा दाखला द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी वर्गाचा व्हॉट्सॲप गट झाला आणि कुणीतरी त्या हस्तलिखिताच्या पानांचे फोटो टाकले. अंगठ्यांचा पाऊस पडला. मी ते सगळं वाचलं आणि झोप लागेना. तिचा नंबर कुणाकडेच नव्हता. शेवटी आपल्याच वर्गातल्या एकानं, ज्याचं औषधांचं दुकान आहे, शोधून दिला. ती आपटाळ्याच्या पुढच्या एका गावात दिलेली आहे. अंगणवाडीत मदतनीस आहे. लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून ती दहावी झाली, हे मला तेव्हा कळलं. फोनवर मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "फोनवर काय बोलतीस, ये की. सकाळची गाडी धर."

गेल्या वर्षी पौषातच गेले. जुन्नर स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी उभी राहिले, गाडीचा फलक वाचला, अर्धं तिकीट काढलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्या गाडीत निम्म्याहून जास्त बायकाच होत्या. पुढच्या बाकांवर गणवेशातल्या मुली, पास गळ्यात. ती तिच्या थांब्यावर चढली, माझ्याकडे बघून हसली आणि कंडक्टरला म्हणाली, "दादा, हिला घाटघरला उतरवू नका, ही चुकायची."

आम्ही उतरलो, चाललो, रांजणापाशी बसलो. मी फोनमधली निबंधाची पानं तिला वाचून दाखवली आणि माफी मागितली. ती शांतपणे ऐकत होती. नावाचं तिला फारसं काही वाटलं नाही. "आजीला काय, नाव छापलं असतं तरी वाचता कुठं येत होतं?" म्हणाली. पण एका ठिकाणी तिनं मला थांबवलं. मी लिहिलं होतं, 'म्हसेच्या यात्रेला ही मंडळी मोठ्या हौसेने घाट उतरत.'

"आजी हे नव्हती म्हणाली," ती म्हणाली. "तू लिहून घेत होतीस, मी शेजारीच होते. त्या साली पाऊस नव्हता. घरातला बैल विकायला गेले होते म्हसेला. येताना आज्यानं तोंड फिरवलं म्हणून दावं आजीच्या हातात. रिकामं दावं घेऊन ती हा घाट चढली. तेवढंच ती आम्हाला सांगायची, यात्रेचं दुसरं काही सांगायचीच नाही."

मला आठवलं. आजीनं ते सांगितलं होतं, आणि मी वहीत लिहिलंही होतं. निबंध पक्का करताना ते काढलं, कारण निबंधाला तो सूर बसत नव्हता. काल वैभव आणि आज प्रगती, यांच्यामध्ये रिकाम्या दाव्याला जागा नव्हती. नागनिकेच्या भिंतीवर १,००१ गाई आहेत. तो एक बैल कुठेच नाही. एक वही होती त्याच्यासाठी, तीही मी खोडली.

म्हणून ही दुरुस्ती. नाणेघाटाचं लेणं १९९६च्या जानेवारीत आम्ही शोधलं नाही, आमच्या वर्गातल्या एका मुलीनं दाखवलं. निबंधाची तीन पानं तिच्या आजीची आहेत. म्हसेला ती माणसं हौसेनं गेली नव्हती. 'गाडी आली आन् पाय सुटले' हे वाक्यही अर्धंच आहे. ज्या वर्षी मोरी वाहून गेली, त्या वर्षी पाय पुन्हा अडकले, आणि ते माझ्याच वर्गात, माझ्या डोळ्यांदेखत. शाळेकडे ते हस्तलिखित अजून असेल तर या लेखाची एक प्रत त्यात लावून ठेवावी, अशी मुख्याध्यापकांना विनंती.

त्या दिवशी आम्ही परत घाटघरला आलो नाही. ती म्हणाली, आजीच्या वाटेनं खाली उतरू. नळीतल्या दगडी पायऱ्या दोन हजार वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत, उतरताना गुडघे बोलतात. नळी संपली की गर्द झाडी, मग सपाटी, आणि शेवटी वैशाखऱ्याजवळ कल्याण-नगरचा डांबरी रस्ता. तिथे हात केला की माळशेजमार्गे वर येणारी गाडी थांबते. म्हणजे घाटावर एका एसटीतून उतरायचं, दोन हजार वर्षं चालत खाली जायचं आणि दुसऱ्या एसटीनं घरी यायचं. आपल्या तालुक्यात यापेक्षा चांगला इतिहासाचा तास मला माहीत नाही, आणि स्वतःची गाडी नेली तर तो करताच येत नाही. वर ठेवलेली गाडी आणायला पुन्हा घाट चढावा लागतो!

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ज्यांना जमेल त्यांनी यावं, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. सूचना थोड्याच. वेळ स्टँडवर आदल्या दिवशी विचारून घ्यायची, कारण डोंगराकडच्या गाड्यांच्या वेळा पावसाप्रमाणे आणि शाळेप्रमाणे बदलतात. पाणी माणशी तीन लिटर. बुटांना चांगली पकड हवी. पावसाळ्यात नळी उतरायची नाही. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी लेणं बघून वरच थांबावं आणि घाटघरच्याच गाडीनं परत यावं. लेण्यातल्या भिंतींना हात लावायचा नाही, अक्षरं आधीच झिजली आहेत. आणि सर, तुम्हाला जमत असेल तर तुम्ही या. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीटही नाही.

वाट ती दाखवणार आहे. ती पुढच्या थांब्यावर चढते, तोवर गाडी भरलेली असते. जुन्नर स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा मी धरून ठेवीन. त्या रुमालावर कुणी बसू नये.